जुनं मोटरहोम सरळ रस्त्यावर भरकटतं, स्टिअरिंग बॉक्स बदलण्याआधी काय तपासू?

जाणकारांची मदत हवी आहे.

गाडी १९७० च्या दशकातलं मोटरहोम आहे, ट्रकच्या चेसीवर बांधलेलं. पुढे सरळ बीम ॲक्सल, किंगपिन (ज्या उभ्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती) आणि लीफ स्प्रिंगचे पाटे. पॉवर स्टिअरिंग आहे, बॉक्स रीसर्क्युलेटिंग बॉल प्रकारचा. मागे जोडचाकं. एकूण लांबी साडेसात मीटर आणि व्हीलबेस चार मीटर, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या पाठीमागे बरंचसं घर लटकलेलं आहे.

ताशी ५० पर्यंत काही जाणवत नाही. ७० च्या पुढे सरळ रस्त्यावरही हात सतत चालू ठेवावा लागतो. जरा डावीकडे, जरा उजवीकडे, परत डावीकडे. एकाच बाजूला ओढत नाही, थरथरतही नाही. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून पूर्ण सरळ होत नाही, शेवटचं मलाच आणावं लागतं. शेजारून मोठा ट्रक पुढे गेला की गाडी आधी बाहेर ढकलली जाते आणि लगेच त्याच्याकडे खेचली जाते. तासाभरात खांदे भरून येतात.

टायर रेडियल आहेत आणि नवीन आहेत. हवा बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी, पुढे-मागे सारखीच. गाडी अलाइनमेंटच्या मशीनवर बसत नाही, म्हणून फक्त टो (वरून बघता पुढची चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) बघून घेतला, तो ठीक निघाला. एका मेकॅनिकचं म्हणणं, बॉक्स गेलाय, वरचा स्क्रू आवळून बघू, नाहीतर बॉक्सच बदलू. दुसरा म्हणतो स्टिअरिंग डॅम्पर लावा, प्रश्न मिटेल. या बॉक्सचे सुटे भाग सहज मिळत नाहीत, त्यामुळे उगाच उघडायची इच्छा नाही. कुठून सुरुवात करू?

ग्रीसगन

पहिली गोष्ट, तो स्क्रू आत्ता कुणाला आवळू देऊ नका.

त्या बॉक्समध्ये सेक्टर शाफ्टचे (बॉक्समधून बाहेर निघणाऱ्या दांड्याचे) दात मध्यभागी मुद्दाम घट्ट बसवलेले असतात आणि बाजूंना थोडे सैल. गाडी बहुतेक वेळ सरळच जाते, त्यामुळे झीजही मध्यभागीच होते. आता मधली ढिलाई काढायला स्क्रू आवळला की बाजूचे न झिजलेले दात अडकायला लागतात. मग स्टिअरिंग परत येत नाही आणि गाडी आधीपेक्षा जास्त भरकटते. लोक त्यावर आणखी अर्धा फेरा देतात. चांगले बॉक्स असेच वाया गेलेले पाहिले आहेत.

‘गाडी भरकटते’ म्हणताना आपण तीन वेगळी दुखणी एका नावाने सांगत असतो. एक, ढिलाई : हात फिरतो पण चाक फिरत नाही. दोन, परत न येणं : चाक फिरतं, पण जिथे नेलं तिथेच बसून राहतं. तीन, शेपूट : पुढचं सगळं ठीक असतं, पण मागचा भाग गाडीला वळवत असतो. तुमच्या वर्णनात दुसरं आणि तिसरं स्पष्ट दिसतंय. पहिलं किती आहे ते तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि बॉक्सचा संबंध मुख्यतः त्याच्याशी.

ते असं बघा. चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडण लावलेली, इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं, चाकं जेमतेम हलतील एवढंच. दुसऱ्याने खाली बसून स्टिअरिंगपासून चाकापर्यंतची सांध्यांची साखळी बघायची : स्टिअरिंग शाफ्टचा रबरी जॉइंट, बॉक्सचा इनपुट, पिटमन आर्म (बॉक्सच्या शाफ्टवरचा हात), ड्रॅग लिंक (तिथून चाकाकडे जाणारी दांडी), टाय रॉडची (दोन चाकं जोडणाऱ्या दांडीची) दोन्ही टोकं. प्रत्येक सांध्यावर हलका हात ठेवा. डोळ्याला न दिसणारा खेळ बोटांना कळतो. इनपुट फिरतो आणि पिटमन आर्म थांबलेला राहतो, तर ढिलाई बॉक्समध्ये आहे. अख्खा बॉक्सच चेसीवर हलत असेल तर बोल्ट ढिले किंवा चेसीला तडा. हे जुन्या गाड्यांत वाटतं त्यापेक्षा जास्त सापडतं आणि ते सोडून लोक बॉक्स बदलतात.

मग पुढचं चाक जॅकवर घ्या, ॲक्सलखाली स्टँड द्या. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन किंवा त्याचे बुश.

आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं : दोन्ही चाकं अधांतरी असतानाच ड्रॅग लिंक सोडा आणि चाकं हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. लोण्यासारखी फिरली पाहिजेत. कुठे जड लागत असेल तर किंगपिन सुकले आहेत. सुकलेला किंगपिन हलवून बघताना अगदी घट्ट, ‘उत्तम’ वाटतो, म्हणूनच तो नजरेतून सुटतो. ग्रीस मारताना चाकावर भार नसावा, नाहीतर खालच्या थ्रस्ट बेअरिंगपर्यंत ग्रीस पोचतच नाही.

वजनकाटा

वरच्या प्रतिसादाला +१. पण मी पाना हातात घेण्याआधी गाडी काट्यावर नेईन. नेहमीच्या सामानासकट, पाणी भरून. पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगळा तोला, जमलं तर डावी-उजवी बाजूही.

कारण सांगतो. समजा तुमची २०० लिटरची पाण्याची टाकी मागच्या ॲक्सलच्या दीड मीटर मागे आहे. व्हीलबेस चार मीटर. २०० गुणिले दीड भागिले चार, म्हणजे ७५ किलो. टाकी भरली की पुढच्या ॲक्सलवरचं वजन ७५ किलोने कमी होतं, आणि मागच्यावर २०० नाही, २७५ किलो वाढतं. त्यात मागच्या बंपरवर सायकली आणि शिडी. पुढची चाकं रस्त्याला नीट धरतच नाहीत, स्टिअरिंग काय करणार? जड सामान दोन ॲक्सलच्या मध्ये आणा. पैसा लागत नाही म्हणून हा उपाय कुणाला आवडत नाही.

आता हवा. बाजूवर छापलेला आकडा कमाल भारासाठी असतो. तुमचा पुढचा ॲक्सल हलका असेल तर त्या हवेने टायर दगड होतो, रस्त्यावर टेकणारा भाग आखडतो आणि प्रत्येक चरीच्या मागे गाडी धावते. टायर कंपनीचा भार-दाब तक्ता घ्या, काट्यावरच्या आकड्याशी जुळवा. डावी-उजवी वेगळी निघाली तर जड बाजूचा आकडा धरून त्या ॲक्सलच्या सगळ्या टायरांत सारखीच हवा. कमी भरून बाजू लुळ्या पडू देणं तितकंच वाईट, म्हणून अंदाजाने हवा सोडू नका.

व्हीलबेस भागिले लांबी तुमच्याकडे ५३ टक्के येतं. ५५ च्या आत आलं की शेपटीचा त्रास गृहीत धरतात, हा ढोबळ नियम. लांबी तर बदलता येणार नाही. पण मागच्या पाट्यांचे बुश, शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारा झुलता दुवा) आणि यू-बोल्ट बघा. बुश गेले की बॉडी बाजूला ढकलली जाताना ॲक्सल किंचित तिरका होतो आणि मागची चाकं गाडी वळवायला लागतात.

लांबपल्ला

माझ्याकडे डॅम्पर आहे आणि फरक पडतो. ट्रकचा धक्का बराच कमी जाणवतो.

ग्रीसगन

जाणवतो कमी, कारण डॅम्पर हालचाल मंद करतो. तो चाकाला मध्यावर परत आणत नाही. (स्प्रिंगवाले प्रकार आणतात, पण ते वेगळं प्रकरण.) सगळं दुरुस्त झाल्यावर लावा, बिनधास्त. आधी लावलात तर ढिला सांधा झाकला जाईल आणि तो सुटेपर्यंत कळणार नाही. ट्रकच्या धक्क्यावर खरा उपाय मागच्या ॲक्सलला आडवा ट्रॅक बार, म्हणजे ॲक्सलला चेसीशी बांधणारी दांडी. त्याने बॉडी आणि ॲक्सल एकमेकांच्या बाजूला सरकत नाहीत.

टॉर्शनबार

माझी जीएमसी आहे, १९७३ ते ७८ मध्ये निघालेली, पुढची चाकं ओढणारी. तिला पुढे पाटे नाहीत, टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या) आहेत, त्यामुळे वरचं सगळं जसंच्या तसं लागू नाही. आमच्यात आधी गाडीची उंची पुढे-मागे ठरलेल्या मापावर आणायची आणि मगच अलाइनमेंट. नाक खाली बसलं की कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं तो बाजूने बघता किती मागे झुकलाय तो कोन, चाकाला सरळ आणतो) कमी होतो. फोर्डच्या ट्विन आय-बीमवाल्यांनाही (पुढच्या प्रत्येक चाकाला वेगळा बीम) उंचीकडे लक्ष द्यावं लागतं, तिथे उंचीबरोबर कॅम्बर (समोरून बघता चाकाचा आत-बाहेर झुकाव) बदलतो. धागाकर्त्यांच्या पुढच्या पाट्यांचा बाक शिल्लक आहे का?

धागाकर्ता

सर्वांचे आभार. सांगितलं तसं करून पाहिलं, निकाल लिहितो.

बॉक्स चेसीवर पक्का आहे. इनपुट आणि पिटमन आर्म यांच्यात थोडा खेळ आहे, पण घाबरण्यासारखा नाही. ड्रॅग लिंकचं पुढचं टोक मात्र चांगलंच ढिलं निघालं, बदललं. ड्रॅग लिंक सोडून चाकं फिरवली तर डावीकडे मध्यापाशीच जड. भार काढून ग्रीस मारलं, काळी घाण बाहेर आली, मग मोकळं झालं. पुढचे पाटे बसलेले आहेत, बाक जवळजवळ नाही. काट्यावर पुढचा ॲक्सल त्याच्या क्षमतेच्या बराच खाली निघाला, मागचा काठोकाठ. सामान हलवलं, तक्त्याप्रमाणे पुढची हवा बरीच उतरवली.

गाडी आता ८० ला एका हाताने धरता येते. ट्रकचा धक्का थोडा राहिलाय, त्यासाठी ट्रॅक बार बघतोय. वळणानंतर स्टिअरिंग परत येतं, पण शेवटचा थोडा भाग अजून आळशी. कास्टर मोजला तर जेमतेम एक अंश. मॅन्युअलच्या मापात बसतो. तरी पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये पाचर घालून वाढवावा का? जाड बाजू कुठे?

ग्रीसगन

वाढवा. जुन्या मॅन्युअलमधली मापं बऱ्याचदा त्या काळच्या बायस-प्लाय (तिरक्या थरांच्या, रेडियलआधीच्या) टायरांसाठी दिलेली असतात. रेडियलला जास्त कास्टर मानवतो, आणि पॉवर स्टिअरिंग असल्याने जडपणाची चिंता नाही. पण बसलेल्या पाट्यांवर पाचर घालण्याआधी पाटे नीट करून घ्या, नाहीतर उंची बदलली की माप पुन्हा बदलेल. मग परत मोजा आणि कमी पडेल तेवढीच पाचर घाला, दोन्ही बाजूंना सारखी.

तुमचा पाटा ॲक्सलच्या वर बसतो, तेव्हा जाड बाजू मागे. त्याने किंगपिनचा माथा मागे झुकतो. पाटा खालून जात असेल तर उलट. पाचर लोखंडी घ्या, ॲल्युमिनियमची चेपते. पाट्यांच्या मधल्या बोल्टचं डोकं पाचरीतून ॲक्सलच्या भोकात पुरेसं उतरतंय ना ते बघा, नसेल तर लांब डोक्याचा बोल्ट. यू-बोल्ट नवे, थोडं चालवून पुन्हा आवळायचे. एकदम खूप वाढवू नका, कमी वेगात चाकं थरथरायला लागतात.

टो सगळ्यात शेवटी. घरीच होतो : पुढचं चाक उचलून फिरवत टायरच्या मधोमध खिळ्याने एक बारीक रेघ मारा, दोन्हीकडे. गाडी खाली घेऊन थोडी पुढे ढकला, म्हणजे सांधे आपल्या जागी बसतात. दोन रेघांमधलं अंतर टायरच्या पुढून आणि मागून एकाच उंचीवर मोजा. पुढून दोन-तीन मिलिमीटर कमी हवं. पुढून जास्त भरलं तर टो बाहेर आहे, आणि तेवढ्यानेही गाडी भरकटते.