हातातलं काम टाकून आभाळ बघितलं, ती वेळ सांगा

परवा ऑफिसातून परतताना पुलाच्या तोंडाशी गाडी बाजूला घेतली. पाऊस नुकताच उघडला होता. सूर्य बुडाला, म्हटलं संपलं, निघावं. तेवढ्यात भेळेच्या गाडीवरचे काका कांदा चिरता चिरता म्हणाले, "थांबा, अजून लाल होणारे." आणि झालं! दहाएक मिनिटांत ढग खालच्या बाजूनं पेटले. आधी केशरी, मग भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखे जांभळट काळे. काकांची सुरीही थांबली होती.

तुमच्याही अशा वेळा असतील. लिहा. फोटो नसला तरी चालेल, सोबत कोण होतं ते मात्र सांगा.

*

आमच्याकडे वाशिमला हरभऱ्याला पाणी द्यायचं तर लाईट रात्रीची. डिसेंबरात दोन वाजता मोटार चालू करायला बाबा मला सोबत न्यायचे. थंडीनं बोटं आखडलेली, डोळ्यांवर झोप. पाणी सरीच्या टोकाला पोचेपर्यंत धुऱ्यावर बसायचं. तिथे बाबांनी ईशान्येला बाजलं दाखवलं. चार तारे म्हणजे बाजल्याचे चार खूर, मागचे तीन चोर. वर म्हातारी झोपलीय, म्हणून चोर दबकत चालतात. पुढे काय होतं विचारलं की म्हणायचे, "उजाडलं की पळतात." पुस्तकातले सप्तर्षी ते हेच, हे मला फार उशिरा कळलं. आता बाबा नाहीत. मोटार फोनवरून चालू होते, तरी डिसेंबरात एकदा तरी मी रात्री धुऱ्यावर जाऊन बसतो.

*

बाजल्याची गोष्ट आमच्या आजोळी परभणीलाही सांगायचे! उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणं पडायची. मे महिन्यात रात्री नऊला बाजलं उत्तरेला उंच असतं, पण पालथं. मग म्हातारी खाली पडत कशी नाही, हा आम्हा भावंडांचा रोजचा प्रश्न.

*

हरिश्चंद्रगड, कोकणकडा, सप्टेंबरातली सकाळ. समोर दरी धुक्यानं काठोकाठ भरलेली, पाठीवर कोवळं ऊन, आणि धुक्यात इंद्रधनुष्याचं अख्खं गोल कडं! मधोमध माझी सावली. हेच इंद्रवज्र. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं इथेच ते पाहिल्याची नोंद आहे. मी हात वर केला, सावलीनंही केला. मैत्रिणीला म्हटलं, माझ्या डोक्याभोवती बघ. ती म्हणाली, "नाही गं, माझ्या डोक्याभोवती आहे." दोघींचं खरं होतं, कारण ते कडं ज्याला त्याला स्वतःच्याच सावलीभोवती दिसतं. तीन-चार मिनिटांत धुकं वर चढलं आणि सगळं पांढरं.

*

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा, चंद्रपूर. जेवणाची तयारी चालली होती, बाहेरून पोरं ओरडली म्हणून पिठाच्या हातानं अंगणात धावले. जळत्या ठिणग्यांची रांग आकाशातून सावकाश सरकत होती. उल्का झटकन विझते, ही विझेचना. अख्खी गल्ली माना वर करून उभी. नंतर कळलं, चिनी रॉकेटचे अवशेष होते ते. आमच्याच जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, धातूचं मोठं कडं येऊन पडलं. भीती तेव्हा वाटली. बघताना मात्र फक्त सुंदर वाटलं होतं.

*

मेलबर्नला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मृग उलटा दिसला, हरणाचे पाय वर. चंद्रावरचा ससाही उलटा. फार परकं वाटलं. आणि अगस्त्य तारा! गावी, संगमेश्वरला, हात लांब करून मोजला तर दक्षिणेला वीतभरच वर यायचा. इथे जवळजवळ डोक्यावर. रात्री दहाला आईला व्हिडिओ कॉल लावला. ती फोन घेऊन खळ्यात गेली नि म्हणाली, "इथे साडेचारचं ऊन आहे गो, तूच सांग काय काय दिसतंय." मी गवतावर आडवी पडले आणि व्याधापासून सुरुवात केली.