रोलर डर्बीच्या मॅचसाठी स्वस्तात साउंड आणि व्हिडिओ कसा बसवावा?

सुदामानगर_स्केटर

नमस्कार मंडळी. इंदुरात दोन हौशी संघांची फ्लॅट ट्रॅक रोलर डर्बीची (सपाट अंडाकृती ट्रॅकवर स्केट्स घालून खेळायचा सांघिक खेळ) मॅच घ्यायची आहे. हॉल पत्र्याच्या छताचा, साधारण ४२ बाय ३० मीटर, एका लांब बाजूला पाच पायऱ्यांचा स्टँड. प्रेक्षक दीडशेच्या आसपास. बहुतेकांना हा खेळ नवा, त्यामुळे कॉमेंट्रीचा शब्दन् शब्द कळायला हवा. यूट्यूबवर लाइव्हही दाखवायचं आहे. सगळं मिळून बजेट ४० हजार. दोन लॅपटॉप, एक जुना मिररलेस कॅमेरा आणि दोन-तीन बरे फोन हाताशी आहेत. दोन मोठे डीजे बॉक्स भाड्याने आणून ट्रॅकच्या दोन टोकांना ठेवावेत असं चाललंय. ठीक राहील का?

घुमटकर

दोन टोकांना अजिबात ठेवू नका. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे या टोकाला बसलेल्याला त्या टोकाचा बॉक्स शंभराहून जास्त मिलिसेकंद उशिरा ऐकू येणार. पन्नासच्या पुढे गेलं की कान त्याला दुसरा आवाज म्हणूनच धरतो, शब्दावर शब्द चढतात. वर पत्रा. आवाज वाढवाल तसं घुमणंही वाढेल, कळणार काहीच नाही.

त्यापेक्षा ८ किंवा १० इंची चार पॉवर्ड स्पीकर (आतच अँप असलेले) भाड्याने घ्या. चारही स्टँडच्याच बाजूला, पहिल्या पायरीला लागून, सात-आठ मीटरच्या अंतराने, अडीच मीटर उंचीवर. तोंड प्रेक्षकांकडे आणि किंचित खाली, पाठ ट्रॅककडे. एका स्पीकरने समोरची चाळीस माणसं सांभाळायची, एवढंच. समोरच्या उघड्या भिंतीवर मंडपवाल्याकडच्या जाड कनाती टांगा, फरक लगेच कानाला कळतो. मिक्सरवर माइकच्या चॅनलचा लो-कट (खालचे सूर कापणारं बटण) चालू ठेवा आणि बेस उतरवा. पत्र्याखाली शब्द गिळतो तो बेसच.

कुणाकडून भोंगे फुकट मिळत असतील तर बोलण्यापुरते चांगले आहेत, गाण्यांना नाही. पण भोंगे १०० व्होल्ट लाइनवर (एका अँपवर बरेच भोंगे लांब वायरने जोडायची पद्धत) चालवताना प्रत्येकाच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या वॅटची बेरीज अँपच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवा: १०० वॅटच्या अहुजा अँपवर २० वॅटचे चार, पाचवा नको. आणि त्याच १०० व्होल्टच्या टर्मिनलला ८ ओमचा साधा बॉक्स कुणी जोडू नये. बॉक्स जळेल नाहीतर अँप.

माइक साधा डायनॅमिक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज धरणारा. ओठांपासून दोन-तीन बोटं. जाळी मुठीत धरायची नाही हे कॉमेंटेटरला आधीच बजावा. जाळी झाकली की माइक चारी बाजूंनी ऐकायला लागतो आणि शिट्टी मारतो. कॉमेंटेटर नेहमी स्पीकरच्या मागच्या बाजूला बसलेला हवा.

जॅम_टायमर

ट्रॅककडे पाठ हा मुद्दा या खेळात फार मोलाचा आहे. जॅम म्हणजे खेळाचा एक छोटा डाव, जॅमर म्हणजे त्यात गुण मिळवणारा खेळाडू, ब्लॉकर्स म्हणजे त्याला अडवणारे आणि पॅक म्हणजे ब्लॉकर्सचा घोळका. जॅम सुरू झाल्याची एक छोटी शिट्टी, लीड जॅमरची (घोळक्यातून आधी बाहेर पडलेल्या जॅमरची) दोन छोट्या, पेनल्टीची एक लांब, जॅम संपल्याच्या चार झटपट. खेळाडूंचं सगळं या शिट्ट्यांवर चालतं. दोन जॅममध्ये फक्त ३० सेकंद असतात आणि शेवटी ‘पाच सेकंद’ हा इशारा तोंडाने ओरडून दिला जातो. म्हणून गाणं विसाव्या सेकंदापर्यंत उतरवायचं आणि इशाऱ्याच्या वेळी कॉमेंटेटरनेही थांबायचं. ज्या गाण्यात शिट्टीचा आवाज आहे ते यादीतून काढाच.

दुसरं, जागा. ट्रॅक आणि बाहेरची मोकळी लेन धरून ३३ बाय २३ मीटर जातात. त्या तीन मीटरच्या लेनमध्ये ना ट्रायपॉडचा पाय, ना स्पीकरचा, ना वायर. तिथे रेफरी स्केट्सवर असतात आणि बाहेर फेकला गेलेला खेळाडूही तिथेच येतो.

स्कोअरबोर्डवर पैसे घालू नका. ‘सीआरजी स्कोअरबोर्ड’ हे डर्बीसाठीच बनवलेलं मोफत सॉफ्टवेअर आहे, जावावर चालतं. एका लॅपटॉपवर सुरू करा, त्याच राउटरवरच्या बाकीच्यांनी ब्राउझरमध्ये त्या लॅपटॉपचा आयपी आणि पोर्ट ८००० टाकायचं. राउटरला इंटरनेट नसलं तरी चालतं. तो लॅपटॉप मात्र लॅन केबलनेच जोडा. हॉल भरला की दीडशे फोनांच्या गर्दीत वायफाय अडखळतं.

ओबीएसवाला

व्हिडिओत पैशापेक्षा उंची महत्त्वाची. कॅमेरा डोळ्याच्या पातळीवर असेल तर ब्लॉकर्सच्या घोळक्यामागे हेल्मेटवर तारा असलेला जॅमर दिसतच नाही. स्टँडची सर्वांत वरची पायरी, सरळ बाजूच्या मध्यावर, जमिनीपासून तीन-चार मीटर. खिडक्या कॅमेऱ्याच्या पाठीशी हव्यात, समोर असल्या तर खेळाडू काळे पडतील.

कॅमेरा चालवणाऱ्याला एकच सूचना: जॅमरचा पाठलाग करू नको, पॅक धरून ठेव. गुण मिळतात ते पहिल्या फेरीनंतर विरुद्ध संघाच्या ब्लॉकर्सना ओलांडताना. जॅमर एकटा गोल फिरतो तेव्हा बघण्यासारखं काही नसतं, तो पॅकमध्ये शिरतो तेव्हाच सगळं घडतं. दुसरा कॅमेरा म्हणजे फोन, बेंच आणि पेनल्टी बॉक्ससाठी. कट शक्यतो दोन जॅमच्या मधेच.

सेटिंग हाताने करा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१००, नाहीतर एलईडी दिव्यांचे पट्टे चित्रभर फिरतात. खेळ वेगवान आहे, १/१०० चांगलं. बऱ्याच जुन्या मिररलेस कॅमेऱ्यांत रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप बंद होतं आणि डर्बीचा एक पीरियड ३० मिनिटांचा! टाइमआउट धरले तर आणखी लांबतो. त्यामुळे कार्डावर रेकॉर्ड न करता एचडीएमआयमधून लॅपटॉपवर घ्या. मेनूत ऑटो पॉवर ऑफ बंद, स्क्रीनवरचे आकडे एचडीएमआयवर न जाण्याचा पर्याय चालू, आणि बॅटरीच्या जागी अडॅप्टर.

स्वस्त कॅप्चर कार्ड (एचडीएमआयचं चित्र यूएसबीने लॅपटॉपमध्ये घेणारं) जेल रोडवर मिळेल. डब्यावर यूएसबी ३ छापलेलं असलं तरी आत बहुधा यूएसबी २ असतं, १०८० मध्ये ३० फ्रेमच धरून चाला. दोन कार्डं एका हबवर लावू नका, दुसरं काळं पडतं. दोन वेगळे पोर्ट वापरा. एचडीएमआय केबल पाच मीटरच्या आत, म्हणजे लॅपटॉप कॅमेऱ्यापाशीच ठेवा.

ओबीएस (लाइव्ह प्रक्षेपणाचं मोफत सॉफ्टवेअर) मध्ये स्कोअर आणायला ब्राउझर सोर्स घ्या, त्यात सीआरजीचं ओव्हरले पान (चित्रावर स्कोअर दाखवणारं). चित्र आवाजापेक्षा मागे पडतं, म्हणून कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून रेकॉर्ड करा आणि फ्रेम मोजा. ३० फ्रेमला एक फ्रेम ३३ मिलिसेकंद. पाच फ्रेमचा फरक असेल तर माइकच्या सिंक ऑफसेटमध्ये १६५ टाका.

७२० पी, ३००० ते ४००० केबीपीएस पुरे. अपलोड त्याच्या दुप्पट हवा. तो हॉल रिकामा असताना मोजलात तर फसाल, गर्दी असताना मोजा.

सुदामानगर_स्केटर

खूप उपयोग झाला, मनापासून आभार. आज चाचणी घेतली. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून मिक्सरला गाणं दिलं तर वाद्यं ऐकू येतात, गाणाऱ्याचा आवाज जवळजवळ गायब. शिवाय सारखी घूं घूं. लॅपटॉप खराब आहे का?

घुमटकर

लॅपटॉप उत्तम आहे, केबल चुकीची आहे. एका टोकाला ३.५ मिमी, दुसऱ्याला एक एक्सएलआर (माइकचा तीन पिनांचा) किंवा जाड जॅक, अशीच आहे ना? बॅलन्स्ड इनपुट एका तारेतून दुसरी वजा करतो. डावा-उजवा त्यात गेला की दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं कटतं, आणि गायकाचा आवाज मधोमध असतो. ३.५ मिमीतून दोन वेगळे मोनो जॅक निघणारी केबल घ्या आणि दोन चॅनल वापरा.

घूं घूं चार्जरमुळे. चार्जर काढून बघा, थांबली तर अर्थिंगचा लूप आहे. मिक्सर, लॅपटॉप, स्पीकर सगळे एकाच बोर्डावरून चालवा, तरी राहिली तर ऑडिओ केबलच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. चार्जरची अर्थची पिन कापायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका, शॉकचा धोका आहे.

ओबीएसवाला

लाइव्हला मिक्सरचा मुख्य आउटपुट देऊ नका. गाणी गेली की कॉपीराइटचा दावा येतो, प्रक्षेपण मधेच बंदही पडू शकतं. ऑक्झिलरी सेंडमधून (मिक्सरच्या वेगळ्या आउटपुटमधून) फक्त कॉमेंट्रीचा माइक आणि ट्रॅकच्या आवाजासाठी एक माइक पाठवा. चॅनलवर लाइव्ह पहिल्यांदाच चालू करत असाल तर यूट्यूब २४ तासांपर्यंत वेळ घेतं. फोन नंबर आजच पडताळून ठेवा.

जॅम_टायमर

आणि लाउडस्पीकरची लेखी परवानगी. कोलाहल नियंत्रण अधिनियम, १९८५ आपल्याकडे मध्य प्रदेशात लागू आहे, रात्री १० ते सकाळी ६ बंदी. परीक्षांच्या दिवसांत कडक होतात, तारीख ठरवण्याआधीच एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) कार्यालयात चौकशी करा.