वाचून झालेली कादंबरी अनोळखी वाचकांकडे कशी सोपवावी?

प्रश्न: वाचून झालेली मराठी कादंबरी रद्दीत न घालता अनोळखी वाचकांच्या हाती फिरती राहावी, आणि ती कोठवर पोहोचली हेही कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी काय करावे?

उत्तर १: अमेरिकेत २००१ साली सुरू झालेल्या ‘बुकक्रॉसिंग’ या संकेतस्थळावर पुस्तकाची नोंद करावी. तेथे मिळणारा क्रमांक आतल्या पानावर लिहून पुस्तक सार्वजनिक ठिकाणी ठेवले, की ज्याला ते सापडेल तो त्याच क्रमांकाखाली आपली नोंद करू शकतो. पावसाळ्यात मात्र उघड्या बाकावर ठेवू नये.

उत्तर २: बेवारस वस्तू उचलायला लोक बिचकतात, म्हणून ‘हे पुस्तक हरवलेले नाही, वाचा आणि पुढे द्या’ असे मुखपृष्ठावरच ठळक लिहावे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. चिठ्ठी मराठीतच लिहीन.