नापा: सिल्व्हराडो ट्रेल की हायवे 29? आईबाबा सोबत आहेत

रानजाई:
आईबाबा आलेत भारतातून, फेब्रुवारीत एका शनिवारी नापाला, कॅलिफोर्नियातल्या वाईनच्या खोऱ्यात, जायचं चाललंय. नवऱ्याला वाईनची भारी आवड, मी एखादा ग्लास घेते, बाबा शिवतसुद्धा नाहीत आणि आईला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. सगळे म्हणतात हायवे 29 ने जा, मोठी नावं तिकडेच, पण मैत्रीण म्हणते सिल्व्हराडो ट्रेलच घे. कुठला घेऊ? आणि दिवसात चार-पाच वायनऱ्या होतील का? आईबाबा कंटाळायला नकोत एवढंच बघायचंय.

घाटवाट:
डोळे झाकून सिल्व्हराडो घ्या. दोन्ही रस्ते नापा ते कॅलिस्टोगा समांतरच जातात, 29 पश्चिमेला आणि हा पूर्वेच्या डोंगराच्या पायथ्याशी, साधारण 29 मैल, पण हायवे 29 वर शनिवारी सेंट हेलेना गावात गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात आणि इथे गावंच लागत नाहीत, त्यामुळे गाडीत बसूनच आईबाबांना सगळं दिसतं. फेब्रुवारीत तर बघायलाच नको! वेली छाटलेल्या, नुसती काळी खोडं, आणि दोन ओळींच्या मध्ये गुडघाभर मोहरी पिवळीधमक फुललेली. फक्त फोटोसाठी मळ्यात शिरू नका, खाजगी जमीन आहे.

चार-पाच वायनऱ्या मात्र विसरा, दोनच करा. एकेका टेस्टिंगला, म्हणजे वाईन चाखायला, तास-सव्वा तास सहज जातो आणि बहुतेक ठिकाणी आधी बुकिंग लागतं. तिसरीपर्यंत जीभ बधिर होते, मग चांगली वाईनही वाया जाते.

तांबडमाती:
+1 दोनला. त्यातली एक स्टॅग्ज लीप वाईन सेलर्स ठेवा, ट्रेलवरच आहे. 1976 साली पॅरिसला फ्रेंच परीक्षकांनी लेबल न बघता चव घेतली तेव्हा रेडमध्ये यांची 1973 ची कॅबर्ने पहिली आली होती आणि व्हाईटमध्ये शातो माँटेलेना या वायनरीची शार्दने, ती पण 1973 चीच, आणि ते कॅलिस्टोगाला म्हणजे तुमच्या वाटेच्या शेवटाला. नवरा खूश होईल. तुम्हाला फसफसणारी आवडत असेल तर मम नापा, तेही ट्रेलवर.

आता महत्त्वाचं, गाडी कोण चालवणार ते घरूनच ठरवा. दोघांत एक टेस्टिंग वाटून घेता येतं का ते बुकिंग करतानाच विचारा, आणि घोट तोंडात फिरवून भांड्यात टाकून दिला तर कोणालाही वाईट वाटत नाही, वाईनवालेसुद्धा तेच करतात. उघडलेली बाटली सीटजवळ ठेवायची नाही, डिकीत टाका, कॅलिफोर्नियात तसा कायदाच आहे.

पाणवठा:
वरच्यांशी सहमत, पण 29 अगदीच टाकू नका हो. सेंट हेलेनाच्या थोडं वर बेल ग्रिस्ट मिल आहे, 1846 ची पाणचक्की, 36 फुटी लाकडी चाक! शनिवार-रविवारी जात्यावर खरंच दळून दाखवतात. माझे बाबा तिथून हलायलाच तयार नव्हते, दगडाला टाके कसे घालतात, पीठ गरम होतं का, दळणाऱ्याला विचारून विचारून हैराण केलं. पार्किंगपासून थोडं चालावं लागतं, आईंना हळूहळू न्या.

रानजाई:
पाणचक्की नक्की!! बाबांचं लहानपण गिरणीशेजारीच गेलंय. मग क्रम कसा लावू? सकाळी नापातून निघून वर वर जात राहायचं ना?

घाटवाट:
हो. सकाळी स्टॅग्ज लीप, तेव्हा जीभ ताजी असते आणि बाजूचे कातळ उन्हात छान दिसतात. मग जेवण, पण ट्रेलवर हॉटेलं जवळपास नाहीतच, त्यामुळे मधल्या एखाद्या आडव्या रस्त्याने सेंट हेलेनात उतरा, जेवा, पाणचक्की बघा आणि तसेच 29 ने वर कॅलिस्टोगाला जा. तिथे टब्स लेनवर ओल्ड फेथफुल गायझर आहे, जमिनीतून गरम पाण्याचा फवारा उडतो, समोर बसून बघायचं, गुडघ्यांना काही त्रास नाही. माँटेलेना त्याच टब्स लेनवर, म्हणजे नवरा टेस्टिंगला गेला की तुम्ही तिघं गायझरला. परत येताना अख्खा सिल्व्हराडो, शक्यतो अंधार पडायच्या आत. बुकिंग आजच करून टाका, मोहरीच्या दिवसांत शनिवार पटापट भरतात.