‘कमेंट’ हा शब्द सरसकट वापरावा काय?

मूळ मत : काटेकोर

‘कमेंट मारली’ असे कानावर आले की रस्त्याने जाणाऱ्या मुलीला उद्देशून केलेले असभ्य उद्गारच मराठी माणसाच्या मनात येतात. हाच शब्द आता प्रबंधावरील परीक्षकाच्या मतालाही लावला जातो, याला माझी हरकत आहे. कोण बोलतो आणि कोणत्या अधिकाराने, यानुसार मराठीत शब्द बदलतो : साहेब फाइलीवर शेरा मारतात, न्यायालय ताशेरे ओढते, तज्ज्ञाकडून अभिप्राय मागवतात. अभिप्राय मागावा लागतो, शेरा न मागता मिळतो. हा फरक ‘कमेंट’मध्ये साफ बुडतो.

उत्तर : जुनाजाणता

शब्दाचा अर्थ घसरला म्हणून तो टाकायचा ठरवले, तर ‘टीका’ आधी टाकावी लागेल. शके 1212 मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका आहे, आणि ज्ञानेश्वरांनी गीतेतील दोष काढले असे त्यामुळे कोणालाही वाटत नाही. पण आज ‘विरोधकांनी टीका केली’ म्हणजे दोषच काढले. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘कॉमेंटुम’चाही एक जुना अर्थ ‘रचलेली गोष्ट, बनाव’ असा होता. शिवाय आपण ज्याची बाजू घेता तो ‘शेरा’ अरबी-फारसीकडूनच आलेला आहे. ‘कमेंट’ने मराठीत स्त्रीलिंग घेतले, ‘मारणे’ हे क्रियापद जोडून घेतले. आणखी किती मराठी व्हायचे तिने?

काटेकोर

शब्दाच्या कुळाबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. माझा आक्षेप संदिग्धतेला आहे. ‘विद्यार्थिनीच्या निबंधावर प्राध्यापकांची कमेंट’ या मथळ्यावरून निबंध तपासला गेला की तक्रार दाखल झाली, हे सांगता येईल काय? लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी 2013 च्या दुरुस्तीने तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 354-अ खाली आली, आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद झाली. ‘टीके’चे दोन अर्थ शतकांच्या अंतराने आले, ‘कमेंट’चे दोन्ही आज एकाच पानावर छापले जातात.

उत्तर : कारकून

मथळ्याचे उदाहरण मला पटले, परंतु पर्याय म्हणून ‘टिप्पणी’ सुचवण्याआधी सरकारी कचेरीत डोकवावे. तेथे टिप्पणी म्हणजे प्रकरणाची हकीकत, नियम आणि प्रस्ताव मांडून खालून वर सादर केलेला मजकूर; त्यावर वरिष्ठ जे लिहितात ती टिप्पणी नव्हे, तो शेरा. मंत्र्यांच्या बाबतीत मात्र प्रश्नच नाही, ‘प्रतिक्रिया देण्यास नकार दिला’ हे वृत्तपत्रांत रुळलेले आहे. क्रिकेटच्या ‘कॉमेंट्री’ला ‘समालोचन’ हा शब्द आहेच, बाळ ज. पंडितांसारख्यांनी आकाशवाणीवरून मराठीत उत्तम समालोचन केले, तरी घरोघरी लोक ‘कॉमेंट्री लाव’ असेच म्हणत राहिले. बोलण्यातली ‘कमेंट’ही तशीच राहील. मथळा लिहिणाऱ्याने मात्र ‘अभिप्राय’ लिहायला काय हरकत आहे?