लोकशाहीचा ‘विदा’, आकडेवारी की आणेवारी?

पाटीवाली

मंडळी, एक शब्द अडलाय. पेंटर उद्या दुपारी येणार आहे, तेव्हा काय कीस पाडायचा तो आज रात्रीच पाडा.

१० डिसेंबरला मानवी हक्क दिन. आमच्या कॉलेजात सहा फलकांचं प्रदर्शन आहे. लोकशाही आणि हक्क यांची स्थिती मोजणाऱ्या संस्था काय करतात, त्यांचे आकडे कसे वाचायचे, असा विषय. मुख्य मथळा फळ्यावर खडूनं लिहून पाहिला, ‘लोकशाही आणि मानवी हक्कांचा विदा’. विदा म्हणजे इथं डेटा. शिपाईमामा बादली घेऊन चालले होते. थांबले, वाचलं, बादली खाली ठेवली. “बाई, कुठं निघाली लोकशाही?” मला कळेना. मग म्हणाले, “विदा म्हंजे निरोप न्हवं? अलविदा म्हणत्यात की.”

हसून झालं, पण आता तो मथळा मला निरोपसमारंभाचाच वाटायला लागलाय. आकडेवारी म्हणू? की डेटाच ठेवू? ‘सांख्यिकी’ नको, पोरं दारातूनच परत जातील.

मोडीवेडा

मामांचा कान तयार आहे. निरोपाचा ‘विदा’ मूळ अरबी, आपल्याकडे उर्दू-हिंदीच्या वाटेनं आलेला. मराठी संकेतस्थळांवर रुळलेला ‘विदा’ संस्कृत ‘विद्’, म्हणजे जाणणे, यावरून पाडलेला. दोघांचं नातं काही नाही, नुसता चेहरा सारखा. माझी तक्रार दुसरीच आहे. कुणी ‘तो विदा’ लिहितं, कुणी ‘ती विदा’. ज्याचं लिंग अजून ठरलं नाही तो शब्द बोलण्यात उतरला असं कसं म्हणायचं?

बिंदूचौक

ढेकराचं लिंगही गावोगाव बदलतं. म्हणून कुणी ढेकर द्यायचं थांबलंय?

शाहूपुरीकर

ताई, डेटा लिवा की सरळ. आमच्या घरात ह्यो शब्द आज्जीला पण पाठ हाय. “डेटा संपला” म्हटलं की पोरगं ताटावरनं उठतंय.

पाटीवाली

तीच तर अडचण आहे, भावा. ‘मानवी हक्कांचा डेटा’ वाचून पोरं विचारतील, रोजचा दीड जीबी मिळतो का?

आकडेमोड

‘आकडेवारी’ला माझा आक्षेप जरा वेगळा आहे. (आयुष्यभर हाच विषय शिकवला, तेव्हा थोडं लांबेल.)

आकडेवारी म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी मोजलंय. जनगणनेत माणसं मोजली, कारखान्याच्या काट्यावर ऊस मोजला. काट्यावर कुणाचा किती विश्वास हे इथं नको, धागा भरकटेल. लोकशाहीत असं मोजण्याजोगं थोडंच असतं: मतदान किती झालं, विधानसभेत बायका किती, पत्रकार किती तुरुंगात. बाकीच्या गोष्टी मोजतच नाहीत, ठरवतात. विरोधकाला मोकळेपणानं प्रचार करता आला का? न्यायालयाचा निकाल सरकार कितपत पाळतं? याला कुठला काटा लावणार?

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातली व्ही-डेम ही संस्था थेट १७८९ पासूनचे असे आकडे ठेवते. वर्तमानाबद्दलच्या अशा एकेका प्रश्नावर एकेका देशाचे साधारण पाच-पाच जाणकार गुण देतात. त्यातला हात आखडता कुणाचा, सढळ कुणाचा, हे गणितानं ताडून गुण सारखे करतात. बोर्डाच्या पेपर तपासणीत मॉडरेटर करतो तसंच. अमेरिकेतली फ्रीडम हाऊस १०० पैकी गुण देते, राजकीय हक्कांना ४० आणि नागरी स्वातंत्र्यांना ६०. भारताला २०२० च्या अहवालात ७१ होते, २०२१ मध्ये ६७ झाले, आणि आपण ‘स्वतंत्र’च्या रकान्यातून ‘अंशतः स्वतंत्र’मध्ये गेलो. हे ६७ कुणी मापट्यानं मोजलेले नाहीत. विश्लेषकांनी माहिती समोर ठेवून, चर्चा करून दिलेले आहेत. त्यामुळं ते खोटे ठरत नाहीत, पण त्यांना ‘आकडेवारी’ म्हटलं की ते काट्यावरचे वाटायला लागतात.

निवृत्त तलाठी

सर, याला मराठीत शब्द आहे, आणि तोही सरकारी. आणेवारी.

शहरातल्या पोरांना कदाचित ठाऊक नसेल. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, आता शंभर पैसे. यंदाचं किती आणे उतरलं ते गावची समिती ठरवायची: मी, सरपंच, कृषी सहायक आणि एकदोन चांगले शेतकरी. आधी ‘नजर अंदाज’, मग ‘सुधारित’, शेवटी ‘अंतिम’. अंतिमच्या आधी पीक कापणी प्रयोग, म्हणजे ठरलेला तुकडा आखून, कापून, मळून, खरोखरचं वजन. पहिली पायरी मात्र डोळ्यांचीच.

माझी निम्मी नोकरी पन्हाळा-शाहूवाडी भागात गेली. एका साली ऐन पोटरीत भात असताना पाऊस हटेना. नंतर उघडीप झाल्यावर समिती बांधावर उभी. लांबून बघितलं तर रान हिरवंगार, कंबरेएवढं भात. एकजण म्हणाला बारा आणे. दुसरा म्हणाला नऊ. एक म्हातारा शेतकरी काही न बोलता आत शिरला, लोंबी खुडली, तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. हातात चारदोन दाणे राहिले, बाकी सगळं पोचट, उडून गेलं. साडेपाच आणे लिहिले आम्ही.

तुमच्या गोथेनबर्गच्या जाणकारांचं काम मला तरी याच जातीचं वाटतं.

पाटीवाली

काका, अंगावर काटा आला. ‘लोकशाहीची आणेवारी’. खडूनं लिहून बघते.

मोडीवेडा

वा! आकडेवारी, आणेवारी, टक्केवारी, क्रमवारी, वर्गवारी, सगळी ‘-वारी’चीच भावंडं. मागचा ‘वार’ फारसी: तपशीलवार, जिल्हावार मधला. पंढरीच्या वारीशी संबंध नाही, आधीच सांगून ठेवतो, नाहीतर इथं कुणीतरी टाळ काढेल. यातल्या टक्केवारीचं काय झालं बघा. ठेकेदारांच्या तोंडी गेली आणि बदनाम झाली. आता शाळेच्या निकालाखेरीज तो शब्द उच्चारला की लोक खिशाकडं बघतात.

शाहूपुरीकर

म्हंजे आपली आणेवारी ६७ पैसे. पन्नासच्या वर हाय. मग दुष्काळ न्हाई, सवलत न्हाई. बरोबर का काका?

निवृत्त तलाठी

पन्नास पैशांच्या आत आली की शेतसाऱ्यात सूट, परीक्षा फी माफ, वीजबिलाला सवलत. म्हणून तर सगळी भांडणं त्या पन्नासच्या रेघेवर. ४९ आणि ५१ मध्ये पिकाचा फरक मूठभर, कागदावर मात्र जमीन-अस्मान.

आकडेमोड

आणि ही रेघ प्रत्येक संस्था आपापली मारते. २०२१ च्या अहवालात व्ही-डेमनं भारताला ‘इलेक्टोरल ऑटोक्रसी’त टाकलं. लंडनच्या इकॉनॉमिस्ट गटाचा लोकशाही निर्देशांक त्याच सुमारास ‘सदोष लोकशाही’ म्हणत होता. शेत एकच, समित्या दोन. मुलांना सांगताना रकान्याच्या नावापेक्षा गुण आणि त्या गुणांचा पट्टा दाखवा, ताई. व्ही-डेम नुसता आकडा देत नाही, खालची-वरची मर्यादाही देते. वर्तमानपत्रात पोचेपर्यंत ती गळून पडते.

मोडीवेडा

‘सात-साडेसात आणे पीक’ असं जुनी माणसं म्हणायची, तो पट्टाच की. दशांश चिन्ह आलं आणि आपली ‘सात-साडेसात’ गेली.

‘इलेक्टोरल ऑटोक्रसी’ला मात्र ‘निवडणुकीय एकाधिकारशाही’ करू नका, जीभ अडखळते. ‘निवडणुका होणारी एकाधिकारशाही’ लांब आहे, पण कळतं. ‘शाही’ची मौज बघा: आदिलशाही, निजामशाही, त्याच साच्यात लोकशाही. हिंदीवाले ‘लोकतंत्र’ म्हणून मोकळे झाले. आपण लोकांनाच शहा केलं. कोल्हापूरला ते शोभतंही, आमचा दसरासुद्धा शाही.

पाटीवाली

आम्ही फलकावर काकांचं भात काढणार. लांबून हिरवं, जवळून लोंबी. मजकूर कमी लागेल.

बिंदूचौक

सगळं छान चाललंय, पण एक विचारू? ही आणेवारी ठरवणारे बांधावर येतात का? परदेशात बसून पाचजणांनी गुण द्यायचे, त्यांची नावं आपल्याला कळणार नाहीत, आणि आपण फलक रंगवायचे. २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या एका वर्किंग पेपरनं हाच आक्षेप घेतला होता: हे निर्देशांक मूठभर अनामिक जाणकारांच्या मतांवर उभे आहेत. तोही एक फलक करा.

आकडेमोड

करायलाच हवा. पण दोन गोष्टी जोडून. व्ही-डेमच्या जाणकारांतले बरेचसे त्या-त्या देशातलेच असतात. नावं झाकतात कारण काही देशांत असं उत्तर देणं म्हणजे तुरुंगाला आमंत्रण. दुसरं, त्यांचे सगळे आकडे कुणालाही उतरवून घेता येतात, एकेका प्रश्नापर्यंत. मत पटलं नाही तर नेमक्या प्रश्नावर बोट ठेवा.

निवृत्त तलाठी

आम्हीही हंगामी आणेवारी जाहीर करून हरकती मागवायचो. हरकत घेणारा नुसतं ‘चूक आहे’ म्हणाला तर काय लिहिणार? ‘माझ्या गटात या, लोंबी बघा’ म्हणाला की जावंच लागायचं.

आता तर २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेपासून पावसाची तूट, जमिनीतला ओलावा, उपग्रहाला दिसणारा हिरवेपणा, असलं सगळं बघतात. पण उपग्रहाला हिरवं दिसतं, पोचट दिसत नाही.

शाहूपुरीकर

काका रॉक्स.

मोडीवेडा

‘क्रमवारी’बद्दलही मुलांना सावध करा. पत्रकारितेच्या स्वातंत्र्याच्या यादीत भारत २०२३ ला १८० देशांत १६१ वा होता, २०२४ ला १५९ वा. दोन पायऱ्या वर, म्हणून सुधारणा? गुण मात्र ३६.६२ वरून ३१.२८ वर घसरले होते. बाकीचे आपल्याहून जास्त घसरले, एवढंच. वर्गात सगळेच नापास झाले तरी पहिला नंबर कुणाचा तरी येतोच.

पाटीवाली

हे कुठल्यातरी फलकावर घुसवते. ‘मानवी हक्क’ की ‘मानवाधिकार’? प्राचार्यांना दुसरा शब्द भारदस्त वाटतो.

निवृत्त तलाठी

हक्कच ठेवा. मराठीत अधिकार अधिकाऱ्याला असतो, हक्क माणसाला. सातबाऱ्याच्या माथ्यावर ‘अधिकार अभिलेख पत्रक’ छापलेलं असतं, पण शेतकरी येऊन म्हणतो, “माझा हक्क लावा.” बहिणीनं सही केली तर ते हक्कसोडपत्र, अधिकारसोडपत्र कुणी ऐकलंय?

मोडीवेडा

शंभर टक्के. आणि ताई, एक फलक आपल्या गावचा हवा. १८९४ साली शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. कारकुनीच्या ५०० जागांत ब्राह्मणेतर अवघे १०. ही संख्या आकाशातून पडली नव्हती. जागा, पगार, नावं दफ्तरात होतीच. कोण कुठल्या जातीचा ते त्या यादीला विचारल्यावर ती बोलायला लागली. पुढं २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास मागासवर्गीयांसाठी. १९१२ पर्यंत ९५ अधिकाऱ्यांत ब्राह्मण ३५ राहिले. याला मात्र बिनधास्त आकडेवारी म्हणा. हे मोजलेलंच आहे.

बिंदूचौक

हा फलक पहिला लावा. दुसऱ्यावर ‘नोंद’ हा शब्द घ्या. गुन्ह्यांचे देशभरचे तक्ते निघतात ते गुन्ह्यांचे नसतात, नोंदलेल्या गुन्ह्यांचे असतात. ज्या ठाण्यात बाईची तक्रार ताबडतोब लिहून घेतात तिथला आकडा फुगतो आणि ते गाव वाईट दिसतं. शिवाय एका फिर्यादीत चार कलमं असली तरी मोजणीत धरतात ते त्यातलं सगळ्यात गंभीर. बाकीची तीन त्या तक्त्यात नाहीत.

आणि उलटंही होतं. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी आपल्याच गावात कॉम्रेड पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या, २० तारखेला ते गेले. तक्त्यात तो ‘खून’ या रकान्यातला एक. एकच. मी नंतर चौकात जमलेल्या गर्दीत उभा होतो, मला तो एक अजून वाचता येत नाही.

आकडेमोड

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत पत्रकार, कामगार संघटक आणि हक्कांसाठी लढणारे यांच्या हत्या, अपहरणं, छळ यांचा वेगळा निर्देशक आहे, १६.१०.१. त्यासाठी वेगळा रकाना कुणीतरी मागितला, तेव्हा झाला. तेवढंच सांगतो, बाकी तुमच्या वाक्याला उत्तर नाही.

पाटीवाली

पेंटर आला होता. उशीर झाला सांगायला, फलक वाळताहेत.

मथळा: ‘लोकशाहीची आणेवारी’. खाली लहान अक्षरांत: ‘काय मोजलं, काय ठरवलं, कुणी ठरवलं’. ‘विदा’ एका फलकावर ठेवलाय, मोडीवेडा यांची व्युत्पत्ती सोबत लिहून. शाहू महाराजांचा फलक दारातच.

एक खटका मात्र उडाला. प्राचार्य म्हणाले, आणे बंद होऊन किती वर्षं झाली, सरकारी कागदावर आता पैसेवारी असतं, तेच लिहा. मी जवळजवळ तयार झाले होते. ब्रश धरून उभा असलेला पेंटर म्हणाला, “सर, लोकशाहीची पैसेवारी लिवलं तर लोकांना वाटंल, मताचा दर लावलाय.”

आणेच राहिले.

शाहूपुरीकर

पेंटरला चहा पाजा ताई. आणि मामास्नी दावला का बोर्ड?

पाटीवाली

दाखवला. वाचून म्हणाले, “मग? किती आणं भरली?” मी म्हटलं, मामा, आत जाऊन सहाही फलक बघा, मग तुम्हीच सांगा. बादली बाहेर ठेवून गेलेत. अजून आतच आहेत.