घरच्या गाडीत काय हवं, काय नको? या, लिहा

चाकवेडा
परवा आमच्या सोसायटीतली शेवटची मारुती 800 गेली. खालच्या मजल्यावरच्या आजोबांची. टोइंगवाला आला तेव्हा मी कॉलेजला निघालो होतो, तिथेच रेंगाळलो. आमच्याकडेही अगदी तशीच होती. साताऱ्याहून पुण्याला येताना मी मागच्या सीटवर गुडघे टेकून उलटा बसायचो, आणि खंबाटकीत कोणाला मळमळलं की आईच्या एका हाकेत चारी काचांची हँडलं गरगर फिरायची.

आता घरी नवीन घ्यायचीये. बाबांनी "तुला यातलं कळतं" म्हणून शोरूम हिंडायचं काम माझ्यावर टाकलंय (वय 20, मेकॅनिकल, अभ्यास सोडून गाड्यांचं सगळं पाठ). तर माझं मत: हल्लीची फॅमिली गाडी रस्त्यावरून बघणाऱ्यासाठी काढतात, आत बसणाऱ्यासाठी नाही. त्यातही मागे बसणारा कोणाच्या खिजगणतीत नाही. खिडकीची खालची कड दर नव्या मॉडेलला थोडी वर सरकते, कारण काच अरुंद केली की गाडी दांडगी दिसते. मागच्या पाच वर्षांच्या पोराला मग दाराचं प्लास्टिक बघत बसावं लागतं. छप्पर मागे उतरतं, त्याला कूपे म्हणायचं. पुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्यांची पट्टी. एसी कमी करायला स्क्रीनवर टिचक्या. आणि ते चकचकीत काळं प्लास्टिक! शोरूममध्येच त्यावर बोटांचे ठसे होते.

चांगलंही आहे हां. सहा एअरबॅग, मागे मधल्या माणसालाही तीन टोकांचा पट्टा, बाळाच्या सीटसाठी आयसोफिक्सचे हुक. ते कोणी काढायला सांगितलं तर भांडेन.

तुमच्या घरच्या गाड्यांबद्दल लिहा ना. काय होतं जे आता मिळत नाही?

ठाणेकर काकू
बाळा, आजीला घेऊन जा शोरूममध्ये. नऊवारीत चढता-उतरता आलं तर ती गाडी घ्यायची. आमच्याकडे एकाने एवढी उंच घेतलीये की सासूबाईंना पाटावर उभं करून आत ढकलावं लागतं. पाट डिकीत असतो कायमचा. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

कुर्ल्याचा भोंगा
पद्मिनी!! वडील कुर्ल्याला प्रीमियरमध्येच होते, त्यामुळे घरात दुसऱ्या गाडीचं नाव काढायची सोय नव्हती. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे पुढे पायात काही आड यायचं नाही. मामा चालवायचा, शेजारी आजोबा आणि मध्ये मी. कॅरिअरवर वळकटी, ट्रंक. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी बंद झाली तेव्हा वडिलांनी पेपरचं कात्रण ठेवलंय कापून.

अकोल्याची तिखट
आता थे सनरूफचं सांगा कोनी. मे महिन्यात आमच्या अकोल्यात या म्हणा सनरूफ घेऊन. 45 च्या वर पारा, अन् हे वरून काच लावून देऊन राहिले. आमच्या पुतन्यानं घेतली, वर्षभर पडदा ओढूनच हाय. थंड हवेची सीट मात्र पैसा वसूल, पाठ भिजत नाही.

दोनपोरी
सनरूफ लहान मुलांना हवं असतं आणि लहान मुलंच गाडी ठरवतात, हे कंपन्यांना बरोबर कळलंय. माझ्या दोघी शोरूममध्ये थेट वर बघतात. लग्नाच्या वरातीत ठीक, पण समृद्धीवर पोरं कमरेपर्यंत बाहेर काढून उभी केलेली बघितली की मला घाम फुटतो. अचानक ब्रेक लागला तर?

चाकवेडा
@ठाणेकर काकू, आजी साडीच नेसते पण सहावारी, चालेल का? 😄
@अकोल्याची तिखट, सेल्समन म्हणाला, सनरूफशिवाय वरचं मॉडेल येतच नाही. मला हवेत ते जास्तीचे सेन्सर, गळ्यात पडतं छताचं भोक.

म्युनिककर
एसीच्या बटणांवरून आलो. इथे थंडीत हातमोजे घालून स्क्रीन वापरून बघा, मग कळेल. गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणाऱ्या युरो एनकॅपने जानेवारी 2026 पासून नियम बदललेत: इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल, एवढ्यांना वेगळं बटण किंवा दांडी नसेल तर पूर्ण तारे मिळवणं अवघड. एसी त्या यादीत नाही, पण वारं उलटं फिरायला लागलंय एवढं नक्की.

रिव्हर्सवाला आबा
चाकवेड्या, डोळे ओले करण्याआधी एक लक्षात घे. तुझ्या त्या 800 ला ना एअरबॅग होती ना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारं). डिसेंबर 1983 ला आली, जानेवारी 2014 ला उत्पादन थांबलं, तीस वर्षं लोक देवाच्या भरवशावर फिरले. तू गुडघे टेकून उलटा बसायचास ते आज केलंस तर तुझ्या आईला मी फोन करीन. ग्लोबल एनकॅपचे पाच तारे भारतीय गाडीला पहिल्यांदा मिळाले ते डिसेंबर 2018 मध्ये, टाटांच्या नेक्सॉनला. पुण्यात बनलेली. त्याआधी शोरूममध्ये "सेफ्टी काय आहे" विचारलं तर माणूस मडगार्ड दाखवायचा.

वाकडवासी
+१ आबा.
पण त्या बीपांचं काय? 80 ला बीप, 120 ला अखंड बीप. 2019 च्या जुलैपासून सगळ्यांना कंपल्सरी. त्यात आता एडास, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा. लेन सोडली की स्टिअरिंग स्वतः ओढतं. चांदणी चौकातून घरी येताना ते बिचारं लेन शोधत असतं आणि मी खड्डा चुकवत असतो. बंदच करून टाकलंय. पुढचं वाहन थांबलं की आपोआप ब्रेक लागतो ते मात्र चालू ठेवलंय, त्याने द्रुतगतीवर मला एकदा वाचवलं. ट्रक काहीही दिवा न लावता मधल्या लेनमध्ये उभा.

दोनपोरी
मागच्या पट्ट्याचं बीप आमच्याकडे भाजीच्या पिशवीलापण वाजतं! सासरे म्हणतात, पिशवीला पट्टा लाव. खरंच लावते.

रिव्हर्सवाला आबा
वाजू दे. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरला सायरस मिस्त्री गेले त्या अपघातात मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनीच सांगितलं. महागडी गाडी होती. मागे पट्टा लावायचा नियम तर त्याच्याही कितीतरी आधीचा.

सिएराप्रेमी
माझी आवडती कोणी लिहिलीच नाही. टाटा सिएरा, 1991. तीनच दारं, आणि मागची ती छपरापर्यंत वळत गेलेली भली मोठी काच. चाकवेडा म्हणतो त्याच्या बरोबर उलट: मागे बसणाऱ्याला गाडीतला सगळ्यात छान देखावा. आमच्या डॉक्टरांकडे होती, फेरी मारायला मिळावी म्हणून मी ताप आल्याचं सांगायचो. नोव्हेंबर 2025 ला नवी आली, पाच दारांची. काचेचं ते वळण आता काळ्या रंगाने भासवलंय. मागे दार हवं तर तेवढं चालतं म्हणा.

चाकवेडा
सिएराप्रेमी, हात मिळवा 🙌 जुनीला मागची काच उघडायची नाही, तरी कोणी तक्रार केलेली ऐकली नाही.

मालवणचो झील
तुमी सगळे काचेर आणि बटणार अडाकल्यात. माका सांगा, आंब्याची पेटी खंय ठेवूची? आमची सीएनजी. डिकी उघडलंय की टाकी. गणपतीक येताना बॅगो सगळ्या मांडयेर. आता खाली दोन बारक्या टाक्यो घालून वरती जागा सोडतत म्हणे काय जण, तसली बघ झिला.

वाकडवासी
टाटांनी 2023 ला अल्ट्रोझमध्ये आणलं ते. चांगलं आहे. स्टेपनी कुठे जाते तेही विचारून घे. टायर प्रेशर दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट दिलं तर स्टेपनी न देण्याची मुभा आहे त्यांना. आणि पंक्चर किट घेऊन आंबोली घाटात रात्री काय दिवे लावणार?

कुर्ल्याचा भोंगा
आंबा निघाला की कळवा, पेटी मीच घ्यायला येतो.

चाकवेडा
डिकीवरून आठवलं. चार मीटरच्या आतल्या सेडानची शेपटी तोडल्यासारखी का दिसते, तर 2006 च्या अर्थसंकल्पात लहान गाडीवरचा अबकारी कर कमी केला आणि लहान म्हणजे काय तर लांबी 4 मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसी आणि डिझेल 1500 पर्यंत. म्हणजे आपल्या गाड्यांचं डिझाईन निम्मं अर्थमंत्रालयात होतं. चित्रकाराने काय करायचं मग, नाक आखूड आणि छप्पर उंच. खरं सांगायचं तर त्या उंच छपराचा आतल्यांना फायदाच झालाय.

म्युनिककर
आणि 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी. लहान गाडीला 18 टक्के, मोठीला 40. ती चार मीटरची रेघ आणखी वीस वर्षं हलत नाही बघा.

ठाणेकर काकू
आले. कुकर झाला, जेवणंपण झाली. सहावारी चालेल रे. आतला रंग विचारलास का? बेज घेऊ नकोस. शोरूममध्ये फार गोड दिसतो. मग पहिल्या पावसात वॉचमनच्या केबिनपासून गाडीपर्यंतचा चिखल सगळा त्याच्यावर.

अकोल्याची तिखट
अन् ठेचा सांडला त संपलं 😂

चाकवेडा
काकू, बाबांना बेजच आवडलाय. बुकिंगचे पैसे भरायला उद्या जातायत.

ठाणेकर काकू
उद्या?? फोन दे त्यांना.

रिव्हर्सवाला आबा
काळी रबरी मॅट. कडा उंच असलेली. कंपनीची घेऊ नकोस, बाहेर निम्म्यात मिळते.